आरएक्स १०० ला एलईडी इंडिकेटर बसवले. डावा लावला की चारही लुकलुकतात

सांगलीकर_९४

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. ती मुळात माझ्या थोरल्या काकांची. त्यांनी ती वर्षानुवर्षे वापरली, मग ती बराच काळ गोठ्याच्या आडोशाला ताडपत्रीखाली उभी राहिली आणि आता मी तिला हळूहळू रस्त्यावर आणतो आहे. इंजिनाचे काम मनासारखे झाले आहे. राहिले आहेत ते दिवे आणि वायरिंग.

मागच्या दोन्ही मूळ इंडिकेटरांचे रबर कुजून गेले होते, एकाची काच तडकलेली होती आणि बल्ब बसतो त्या खोबणीला इतका गंज चढला होता की बल्ब फिरवून काढताना खोबणीच हातात आली. मूळ धाटणीच्या जोडीचा भाव ऐकून मी तो विचार सोडून दिला आणि लवचीक रबरी देठाचे चार छोटे एलईडी इंडिकेटर विकत घेतले. प्रत्येकाला काळी आणि पिवळी अशा दोन वायरी आहेत आणि खोक्यावर १२ व्होल्ट, दीड वॅट असे छापलेले आहे.

पहिल्या दिवशी फक्त मागचे दोन बसवले, तेव्हा लुकलुकण्याचा वेग एकदम दुपटीने वाढला. पुढचे बल्ब अजून जुनेच आहेत म्हणून असे होत असावे, असे समजून दुसऱ्या दिवशी पुढचेही दोन बसवले. आता वेग तर तसाच राहिला आहेच, पण डाव्या बाजूचे बटण दाबले की चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात आणि उजव्या बाजूचे दाबले तरी तेच घडते. नीट पाहिल्यावर विरुद्ध बाजूचे दिवे किंचित मंद आहेत असे जाणवते. मीटरमधला ‘टर्न’चा दिवा पूर्वी चांगला ठसठशीत पेटत असे, तो आता जेमतेम लालसर दिसतो. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर दोन पिनांचा आहे आणि काकांनी गाडी उभी करण्याआधी कधीतरी बदललेला आहे.

दुकानदाराचे म्हणणे असे की प्रत्येक इंडिकेटरला एकेक रेझिस्टर (विद्युत रोधक) जोडा, सगळे सुरळीत होईल. ओळखीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की बटणाचा डबाच आतून शॉर्ट झाला आहे, तो बदला. दोघांपैकी कोणाचे ऐकावे? पुढच्या वर्षी गाडीचे फेरपासिंग आहे, त्यामुळे आरटीओच्या दृष्टीने हे इंडिकेटर चालतील की नाही, हेही जाणकारांनी सांगावे.

तारांचा_गुंता

वाहनांच्या वायरिंगचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि हा प्रश्न घेऊन येणारी जुनी गाडी महिन्यातून एकदा तरी माझ्याकडे येतेच. आधी एक विनंती: बटणाचा डबा बदलू नका. तो बहुधा निर्दोष आहे, आणि त्या गाडीचा मूळ डबा एकदा फेकला की तसा पुन्हा मिळत नाही.

तुमच्या गाडीत एकाच वेळी दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि ती एकच समजल्यामुळे गोंधळ होतो आहे. तुम्ही लिहिलेल्या मजकुरातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे मीटरमधला दिवा जेमतेम लालसर पेटतो, ही. रोगाचे निदान तिथेच होते.

पहिले दुखणे वेगाचे. मूळ बल्ब १० वॅटचे, म्हणजे एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून २० वॅट. १२ व्होल्टवर त्यांना सुमारे १.७ अँपिअर करंट लागतो. तुमचे नवे दिवे दीड-दीड वॅटचे, म्हणजे एका बाजूला मिळून ३ वॅट आणि करंट फक्त पाव अँपिअर. तुमचा फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक आहे आणि तो आपल्यातून वाहणाऱ्या करंटवर लक्ष ठेवून असतो. करंट कमी झाला की एक बल्ब उडाला आहे असे तो समजतो आणि चालकाच्या लक्षात यावे म्हणून मुद्दाम वेग वाढवतो. म्हणजे हा बिघाड नसून फ्लॅशर आपले काम चोख करतो आहे, फक्त त्याला एलईडीची ओळख नाही. (त्याहून जुना, आत द्विधातूची पट्टी तापून चालणारा फ्लॅशर असता, तर उलट अनुभव आला असता: इतक्या कमी करंटने पट्टी तापलीच नसती आणि दिवे न लुकलुकता नुसते पेटून राहिले असते. म्हणूनच या विषयावर दोन माणसे दोन विरुद्ध अनुभव सांगतात आणि दोघेही खरे बोलत असतात.)

दुसरे दुखणे चारही दिवे लुकलुकण्याचे. तुमच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच दिवा आहे. त्याला स्वतःची अर्थ, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी जोडणी, नाही. त्याचे एक टोक डाव्या बाजूच्या वायरीला आणि दुसरे उजव्या बाजूच्या वायरीला जोडलेले आहे. तुम्ही डावा इंडिकेटर लावला की करंट डावीकडून मीटरच्या दिव्यात शिरतो, तिथून उजव्या वायरीत उतरतो आणि उजवीकडच्या दोन बल्बांमधून अर्थला पोहोचतो. जुन्या काळी हे निर्धास्त चालत होते, कारण मीटरच्या ३.४ वॅटच्या दिव्याचा रोध पेटल्यावर सुमारे ४२ ओहम होतो, तर उजवीकडच्या बल्बांतल्या दोन थंड फिलामेंटांचा (तारांचा) मिळून एक ओहमच्या आसपास. जवळजवळ सगळे व्होल्टेज मीटरच्याच दिव्यावर पडे, तो ठसठशीत पेटे आणि उजवीकडच्या बल्बांना या उसन्या करंटचा पत्ताही लागत नसे. आता त्या थंड फिलामेंटांच्या जागी एलईडी आले आहेत. त्यांना पेटायला अगदी थोडा करंट पुरतो, म्हणून मीटरच्या दिव्यातून झिरपलेल्या तेवढ्याच करंटवर ते पेटतात, आणि करंट तेवढाच असल्यामुळे मीटरचा दिवा उपाशी राहतो. दोन्ही लक्षणे एकाच कारणाची आहेत.

खात्री करून घ्यायला खर्च शून्य आहे. मीटरमधला तो दिवा उपसून बाजूला ठेवा आणि डावा इंडिकेटर लावा. फक्त डावेच दिवे लुकलुकले, तर मी म्हणतो ते बरोबर. तरीही चारही लुकलुकले, तर मात्र बटणाचा डबा किंवा वायर घासली गेली आहे का, ते पाहावे लागेल.

उपाय दोन डायोडांचा आहे. डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. १एन४००७ या क्रमांकाचे डायोड इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतात. त्यांची क्षमता एक अँपिअर आहे आणि मीटरच्या दिव्याला लागतो पाव अँपिअरहून थोडा जास्त, म्हणजे चिंता नाही. डायोडच्या एका टोकाला रुपेरी पट्टा असतो. एका डायोडचे बिनपट्ट्याचे टोक डाव्या वायरीला आणि दुसऱ्याचे बिनपट्ट्याचे टोक उजव्या वायरीला जोडा. दोघांची पट्ट्याकडची टोके एकत्र करून ती मीटरच्या दिव्याच्या एका वायरीला जोडा आणि दिव्याची दुसरी वायर गाडीच्या अर्थला द्या. आता करंट कोणत्याही बाजूने दिव्यात येऊ शकतो, पण दिव्यातून विरुद्ध बाजूला उतरू शकत नाही. हे सगळे हेडलाइटच्या वाटीत बसते, मूळ वायरिंग कापावी लागत नाही आणि उद्या पुन्हा बल्ब लावावेसे वाटले तरी ही जोडणी तशीच चालते.

वायरींचे रंग यामाहाच्या रूढ पद्धतीने असतील, तर डावीकडची गडद तपकिरी, उजवीकडची गडद हिरवी, अर्थ काळी, किल्लीनंतर येणारी वीज तपकिरी आणि फ्लॅशरमधून बटणाकडे जाणारी पांढऱ्या रेघेची तपकिरी. होंडाच्या पठडीतल्या गाड्यांत मात्र डावी नारिंगी, उजवी फिकट निळी आणि अर्थ हिरवी असते. त्यामुळे एका गाडीवर हात बसलेला माणूस दुसऱ्या गाडीत हिरव्या वायरीला अर्थ समजून फसतो. तीस वर्षांत तुमच्या गाडीला किती हात लागले असतील, कोण जाणे. रंगावर भिस्त न ठेवता मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावूनच खात्री करा.

फ्लॅशर मात्र बदलावा लागेल. एलईडीसाठीचा, म्हणजे किती करंट वाहतो यावर वेग अवलंबून नसलेला फ्लॅशर घ्या. तीन पिनांचा असेल तर त्यावर बी, एल आणि ई अशी इंग्रजी अक्षरे असतात: बॅटरीकडून येणारी वायर, दिव्यांकडे जाणारी वायर आणि अर्थ. युरोपीय पद्धतीच्या फ्लॅशरवर त्याच तीन पिनांना ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे असतात. तुमच्या जुन्या फ्लॅशरला दोनच वायरी असल्याने अर्थची तिसरी वायर नवी ओढावी लागेल. बी आणि एल यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

जुनं_ते_सोनं

इतके शास्त्र कशाला? मी माझ्या गाडीला चार वर्षांपूर्वी प्रत्येक इंडिकेटरला १० ओहम, २५ वॅटचा सोनेरी रेझिस्टर जोडला. जुनाच फ्लॅशर आहे, डायोड नाहीत, मीटरमध्ये एकच दिवा आहे आणि तरीही चारही कधी लुकलुकले नाहीत. दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. जे चालते ते चालते.

तारांचा_गुंता

चालते हे मान्य आहे, आणि का चालते तेही सांगतो, म्हणजे वाद राहणार नाही. तुमच्या विरुद्ध बाजूला आता १० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर आहेत, म्हणजे मिळून ५ ओहम. मीटरचा ४२ ओहमचा दिवा आणि हे ५ ओहम अशी वाटणी झाली की एलईडीच्या वाट्याला सव्वा व्होल्टच्या आसपास उरतो, आणि तेवढ्यावर एलईडी पेटत नाहीत. रेझिस्टरांनी जुन्या फिलामेंटांची जागा घेतली, म्हणून तुमची दोन्ही दुखणी एकाच औषधाने गेली.

पण औषधाची किंमत बघा. १० ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर १४.४ वॅट खातो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्ट असतील तर जवळजवळ २० वॅट, म्हणजे एका बाजूला दोन मिळून चाळिसाच्या घरात. मूळ बल्ब काढून वीज वाचवायला निघालेली गाडी आता मूळ बल्बांहून जास्त वीज जाळते आहे. हिशेबाने घ्यायचाच तर सुमारे १७ ओहमचा रेझिस्टर घ्यायला हवा होता. त्यावर १० वॅटचा बल्ब आणि दीड वॅटचा एलईडी यांच्यातली तूट तेवढीच भरून निघते. दिवे निम्मा वेळ बंद असतात म्हणून सरासरी उष्णता निम्मी होते खरी, पण सिग्नलला दोन मिनिटे इंडिकेटर लावून थांबलात तर त्या सोनेरी डबीला बोट लावून पाहा, म्हणजे समजेल. ती पत्र्यावर स्क्रूने आवळली तर ठीक. टेपमध्ये गुंडाळून वायरींच्या जुडग्यात किंवा प्लॅस्टिकच्या साइड पॅनेलला टेकवून ठेवली, तर शेजारच्या वायरींचे आवरण मऊ पडलेले मी स्वतः सोडवले आहे. शिवाय आरएक्सची बॅटरी मुळात लहान, आणि इंडिकेटर, हॉर्न, ब्रेकचा दिवा हे सगळे तिच्यावरच. एलईडीचा खरा फायदा तिथेच आहे: गाडी मंद चालीवर उभी असतानाही इंडिकेटर तेजस्वी राहतो आणि हॉर्न दाबला तरी लुकलुकणे अडखळत नाही. रेझिस्टर लावून तोच फायदा हातचा का घालवायचा?

जुनं_ते_सोनं

चाळीस वॅटचा हिशेब कधी मांडला नव्हता. दर वर्षी बॅटरी बदलतो आहे, त्याचे कारण कदाचित हेच असावे. डबी मात्र मडगार्डच्या पत्र्यालाच आवळलेली आहे, एवढे पुण्य पदरी आहे.

चिपळूणचा_पाऊस

विजेचे गणित वर झाले आहे, म्हणून मी फक्त बसवण्याबद्दल लिहितो. आमच्याकडे चार महिने गाडी पाण्यातच असते आणि इंडिकेटर बंद पडतो तो एलईडी जळाल्यामुळे नव्हे, तर अर्थ गेल्यामुळे.

मूळ धातूच्या देठाच्या इंडिकेटरांना बहुतेक वेळा देठ आणि मडगार्ड यांच्यातूनच अर्थ मिळत असे. नव्या रबरी देठाच्या दिव्याला ती सोय नाही, म्हणून त्याला काळी वायर वेगळी दिलेली असते आणि ती कुठेतरी नीट पोहोचवावी लागते. अनेक जण ती जवळच्या बोल्टखाली दाबून मोकळे होतात. मडगार्ड नव्याने रंगवलेला असेल, तर त्या बोल्टखाली रंग आहे, पत्रा नाही, आणि अर्थ लागतो तो बोल्टच्या आट्यांमधून, नशिबाने. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी करा, वायरीला गोल भोकाचा (डोळ्याचा) लग दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. त्याहून उत्तम म्हणजे मागच्या दोन्ही काळ्या वायरी एकत्र करून त्या सरळ चासीच्या मुख्य अर्थपर्यंत न्या.

पिळून टेप मारलेला जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो. बुलेट लग क्रिम्प करून (पक्कडीने दाबून) त्यावर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी चढवावी, किंवा निदान सोल्डर करून मग नळी चढवावी. पण सोल्डर केलेला जोड हलत्या जागी ठेवू नये, कारण टू-स्ट्रोकच्या कंपनांनी वायर नेमकी सोल्डर संपतो तिथे तुटते. देठाच्या नटाखाली स्प्रिंग वॉशर हवाच, आणि वायर देठातून बाहेर पडते तिथे मडगार्डच्या भोकाच्या धारेवर ती घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट हवा. मागचे चाक खड्ड्यात वर येते तेव्हा वायर टायरला लागते का, हेही कोणाला तरी गाडीवर मागे बसवून पाहून घ्या. दिव्याच्या खालच्या बाजूस पाणी निघून जाण्याचे बारीक छिद्र असेल, तर दिवा बसवताना ते खालीच राहील असे पाहा. लोक आरशात बघून दिवा सुंदर दिसेल असा फिरवतात आणि छिद्र वर येते. मग जुलैत आत मासे पाळता येतात.

सांगलीकर_९४

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मीटरमधला दिवा काढून पाहिला. तारांचा_गुंता यांनी सांगितल्याप्रमाणेच झाले: डाव्या बटणावर फक्त डावे आणि उजव्या बटणावर फक्त उजवे दिवे लुकलुकले, वेग मात्र जलदच राहिला. बटणाचा डबा वाचला. डायोड इथेच मिळाले, एलईडीचा तीन पिनांचा फ्लॅशर मागवला आहे.

एक शंका आहे. चारपैकी मागचा उजवा दिवा बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा आणि थरथरत पेटतो. दिवाच सदोष असेल का?

चिपळूणचा_पाऊस

दिवा परत करण्याआधी एक लांब वायर घ्या, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि दुसरे त्या दिव्याच्या काळ्या वायरीला. थरथर थांबली तर दिवा निर्दोष आहे आणि तुमचा बोल्ट रंगावर बसलेला आहे.

नियमांच्या_चौकटीत

फेरपासिंगबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे दिवे चालतात की नाही, हे पाहिले जातेच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०२ हा दिशादर्शक दिव्यांबद्दल आहे. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. रंग पिवळसर नारिंगी, म्हणजे ज्याला आपण अंबर म्हणतो तो, हवा. आणि लुकलुकण्याचा वेग मिनिटाला ६० पेक्षा कमी किंवा १२० पेक्षा जास्त नसावा. तुमचा आत्ताचा ‘दुपटीने वाढलेला’ वेग बहुधा या मर्यादेच्या बाहेर आहे, त्यामुळे फ्लॅशर बदलणे ही हौस नसून गरज आहे. नवा फ्लॅशर लागला की घड्याळ लावून तीस सेकंदांतले लुकलुकणे मोजा आणि दुप्पट करा. काही फ्लॅशरांवर वेग कमी-जास्त करण्याचा छोटा स्क्रू असतो. तो फिरवून ८० ते ९० च्या दरम्यान ठेवावा, असे माझे मत आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे वाचून घाबरू नका. प्रमाणपत्रात इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक, रंग, इंधन असा तपशील असतो. इंडिकेटरचा आकार नसतो. निकामी दिव्याच्या जागी त्याच ठिकाणी, त्याच रंगाचा आणि चालणारा दिवा लावणे ही माझ्या समजुतीप्रमाणे दुरुस्ती आहे. अडचण येते ती निळ्या किंवा पांढऱ्या प्रकाशाने लुकलुकणाऱ्या, नंबर प्लेटच्या कडेला चिकटवलेल्या आणि काळपट काचेच्या दिव्यांनी, आणि ती यावीच.

आता जागेबद्दल. छोटे इंडिकेटर घेतले की ते जवळजवळ लावण्याचा मोह होतो. मोटारसायकलींच्या दिव्यांच्या मांडणीबद्दलच्या ५३ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय विनियमात पुढच्या दोन इंडिकेटरांमध्ये किमान २४० मिलिमीटर, मागच्या दोहोंमध्ये किमान १८० मिलिमीटर अंतर आणि जमिनीपासून उंची ३५० ते १२०० मिलिमीटर असावी, असे म्हटले आहे. आपल्याकडे दुचाकी आणि तीनचाकी वाहनांच्या दिव्यांच्या मांडणीसाठी एआयएस ००९ हे मानक आहे. हे आकडे नुसते कागदी नाहीत. मागचे दोन इंडिकेटर ब्रेकच्या दिव्याला चिकटून असतील, तर ब्रेक दाबलेला असताना तांबड्या उजेडात पिवळा लुकलुकणारा ठिपका कोणत्या बाजूचा आहे, हे मागच्या ट्रकचालकाला कळतच नाही. मूळ आरएक्सचे लांब दांड्यांचे इंडिकेटर आज गावठी वाटतात, पण त्यांची लांबी याच कारणासाठी होती.

शेवटची परीक्षा आरटीओची नव्हे, उन्हाची आहे. भर दुपारी गाडी उन्हात उभी करा, इंडिकेटर लावा आणि तीस पावले मागे जा. मग तिरके चालत बाजूला या. स्वस्त एलईडी समोरून डोळे दिपवतो, पण चाळीस-पन्नास अंशांवरून पाहिला की विझल्यासारखा दिसतो, कारण त्याचा उजेड अरुंद झोतात बाहेर पडतो. जुन्या गोल काचेच्या आतला बल्ब चहूकडे उजेड फेकत असे. तुम्ही उजवीकडे वळताना ज्याला तुमचा इशारा दिसायला हवा, तो बहुतेक वेळा नेमका तिरक्या कोनातच असतो.

नेकारच्या_काठावरून

मी स्टुटगार्टला असतो, म्हणून वरच्या प्रतिसादाला एक जोड. इथे मोटारसायकलची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते आणि परीक्षक इंडिकेटर चालतो की नाही हे पाहण्याआधी वाकून त्याच्या काचेवरचा शिक्का वाचतो. वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा असतो: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, १३ म्हणजे लक्झेंबर्ग. त्याच्या जवळ ११ असेल तर तो दिवा पुढे लावण्यासाठी मान्य झालेला आणि १२ असेल तर मागे लावण्यासाठी. भारतात हा शिक्का कोणी मागणार नाही, पण दुकानात दोन सारख्या दिसणाऱ्या जोड्यांतून एक निवडायची असेल, तर शिक्क्याची घ्यावी, कारण वर म्हटलेला तिरक्या कोनातला उजेड मोजूनच तो शिक्का मिळतो. शिक्का खोटाही छापता येतो, त्यामुळे उन्हातली परीक्षा टाळू नये.

सांगलीकर_९४

काम पूर्ण झाले, म्हणून हकीकत लिहितो. तीन पिनांचा फ्लॅशर आला. घाईत बी आणि एल यांची अदलाबदल मीच केली, त्यामुळे पहिल्यांदा दिवे न लुकलुकता पेटूनच राहिले. वायरी बदलल्यावर तीस सेकंदांत ४२ वेळा, म्हणजे मिनिटाला ८४ वेळा लुकलुकू लागले. दोन डायोड हेडलाइटच्या वाटीत हीट श्रिंकमध्ये बसवले. त्यातला एक सुरुवातीला उलटा लागला होता, कारण संध्याकाळच्या उजेडात मला रुपेरी पट्टा दिसलाच नाही. डाव्या बाजूला मीटरचा दिवा पेटत होता आणि उजव्या बाजूला पेटत नव्हता, त्यावरून चूक लगेच सापडली. आता मीटरचा दिवा काकांच्या काळात पेटायचा तसा पेटतो.

मागच्या उजव्या दिव्याची थरथर चिपळूणकरांनी सांगितल्याप्रमाणे बोल्टखालच्या रंगामुळेच होती. मागच्या दोन्ही काळ्या वायरी चासीच्या अर्थपर्यंत नेल्या आहेत. दोन इंडिकेटरांमधले अंतर मागे २६५ आणि पुढे ३४० मिलिमीटर भरले. उन्हातल्या परीक्षेत पुढचे दोन दिवे उत्तम दिसले. मागचे तिरक्या बाजूने थोडे फिके वाटले, म्हणून देठ किंचित बाहेरच्या बाजूला फिरवले. पाणी निघण्याचे छिद्र खालीच आहे, हे पाहूनच.

आता एकच तक्रार उरली आहे. जुना फ्लॅशर टिकटिक वाजत असे. हा अगदी मुका आहे. वळण घेतल्यावर इंडिकेटर बंद करायचे राहून जाते आणि परवा विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत मी उजवीकडे वळण्याचे आश्वासन देतच गेलो. शेवटी एका मावशींनी स्कूटरवरून ओरडून सांगितले. याला काही उपाय आहे का?

तारांचा_गुंता

आहे, आणि त्यातले निम्मे काम तुमचे झालेले आहे. १२ व्होल्टचा छोटा पिझो बझर घ्या. त्याची लाल वायर दोन डायोडांची पट्ट्याकडची टोके जिथे एकत्र केली आहेत त्या जोडाला लावा आणि काळी अर्थला. कोणतीही बाजू लावली तरी तो दिव्याबरोबर वाजेल. बझर हेडलाइटच्या वाटीतच ठेवा, पण त्याच्या तोंडावर टेपचे दोन थर द्या. नाहीतर सिग्नलला शेजारचा माणूस तुमची गाडी रिव्हर्स येते आहे असे समजून बाजूला होईल.